आधी कॉलर बघा, मग गळ्यातलं : वाचकांचे प्रश्न

तुळशीची लग्नं लागली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. नवऱ्या मुलाच्या गळ्यात काय घालायचं? या महिन्यातही तेच झालं, फक्त नेहमीच्या टायपेक्षा जुन्या पद्धतीच्या क्रॅव्हॅटबद्दल, म्हणजे गळ्याभोवती बांधायच्या रुंद कापडाबद्दल, विचारणारे जास्त निघाले. त्याचा मला मनापासून आनंद झाला. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. नौपाड्यात माझ्या वडिलांचं सूट शिवायचं दुकान होतं. शाळेत असल्यापासून मी तिथे काजं करत बसायचे, पुढे कटिंग शिकले आणि वडिलांच्या मागे एकोणीस वर्षं दुकान चालवलं. इथे जे लिहिते ते हाताखालून गेलेलं आहे.

प्रश्न : ताई, आम्ही ईस्ट इंडियन. जानेवारीत मुलाचं लग्न आहे. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये दुपारी चारला विधी, रात्री लॉनवर जेवण. आमच्या घरात माझ्या आजोबांच्या लग्नाचा फोटो आहे. त्यांच्या गळ्यात रुंद, फिकं कापड आहे आणि मधोमध पिन आहे. मुलगा म्हणतो, मला अगदी तसंच पाहिजे. दुकानात क्रॅव्हॅट मागितला तर वेगळंच काहीतरी दाखवतात. फोटोची प्रत सोबत पाठवतो आहे.
– एक वाचक, चरई

उत्तर : तुमचा फोटो मी भिंगाखाली धरून पाहिला. आजोबांची कॉलर दुमडलेली नाही, सरळ उभी आहे, आणि पुढची दोन टोकं पाखरानं पंख उघडावेत तशी बाहेर वळली आहेत. ही विंग कॉलर. कापडाची दोन्ही पानं एकमेकांवरून तिरकी गेली आहेत आणि जिथे ती ओलांडतात तिथे एक पांढरा ठिपका आहे. तो मोती असावा. गळ्यातल्या या वस्तूचं नाव अ‍ॅस्कॉट. इंग्लंडात अ‍ॅस्कॉट गावी राणी अ‍ॅननं 1711 मध्ये घोड्यांच्या शर्यती सुरू केल्या. तिथे बडे लोक जो पोशाख करून जात, त्यावरून पुढे हे नाव पडलं.

दुकानदारानं दाखवलं तेही खोटं नाही. तो दिवसाचा, सैल क्रॅव्हॅट. शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवून तो कॉलरच्या आत, कातडीला लागून घालतात. क्लबात, सुट्टीच्या दिवशी, ब्लेझरवर तो छान दिसतो. चर्चमध्ये वेदीसमोर नाही. अ‍ॅस्कॉट कॉलरच्या बाहेरून बसतो आणि शर्टाचं वरचं बटण लागलेलं असतं. दोन्हींचं मूळ घराणं एकच. 1618 ते 1648 च्या युरोपातल्या मोठ्या युद्धात फ्रान्सच्या बाजूनं लढायला क्रोएशियाचे भाडोत्री घोडेस्वार आले, त्यांच्या गळ्यात रुमाल बांधलेले असत. फ्रेंचांनी तो रुमालही उचलला आणि क्रोएशियनांचं नावही. 'क्रॅव्हॅट' हा शब्द तिथून आला.

वेळेचं म्हणाल तर चारचा विधी अ‍ॅस्कॉटला अगदी योग्य. तो दिवसाच्या पोशाखाचा भाग आहे, लांब मागच्या टोकांचा मॉर्निंग कोट आणि राखाडी वेस्टकोट यांच्याबरोबरचा. दिवेलागणीनंतर त्याची जागा काळा बो घेतो. म्हणून लॉनवर जायच्या आधी पंधरा मिनिटं काढा आणि मुलाला गळ्यातलं बदलायला लावा. कोट मात्र आधी ठरवा. साध्या सूटवर, साध्या दुमडलेल्या कॉलरवर अ‍ॅस्कॉट चढवला की तो गळ्याला बँडेज बांधल्यासारखा दिसतो. मॉर्निंग कोट करायचा नसेल तर मुलाला चांगला चंदेरी राखाडी टाय घाला. त्यात कमीपणा काही नाही.

कोट करणार असाल तर आधी कॉलर. हे मी इतक्या जणांना सांगितलं आहे, तरी प्रत्येक जण कापडापासून सुरुवात करतो. मुलाला खुर्चीत सरळ बसवा, जबड्याच्या खालपासून गळ्याच्या खळीपर्यंत टेप लावा. मान लांब असेल तर कॉलर पुढून दोन इंच उंच चालेल. आखूड असेल तर आम्ही पावणेदोनवर थांबायचो, नाहीतर हनुवटी टेकून नवरा मुलगा सगळा वेळ छताकडे बघत राहतो. कॉलरच्या आत शिंपी हल्ली फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर, चिकटवतात. तुम्ही बकरम, म्हणजे शिवून बसवायचं ताठ कापड, घालायला सांगा. फ्यूजिंगला दोन इस्त्र्यांत फुगे येतात.

आता कापड. 44 इंच पन्ह्याचं साधं, वजनाला मध्यम रेशीम सव्वा मीटर घ्या. रंग मोतिया किंवा फिका राखाडी. मंगलदास मार्केटात मिळेल, जाताना कोटाचा तुकडा खिशात घेऊन जा आणि कापड गल्लीच्या तोंडाशी उजेडात धरून बघा. कापायचं ते उरेब, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं. त्यातून निघणाऱ्या 44 इंची चौकोनाचा कर्ण बासष्ट इंच भरतो, त्यात अठ्ठेचाळीस इंचांचे दोन पट्टे बसतात, एक वरचा आणि एक आतला. टोकाची पानं सहा इंच रुंद ठेवा. मधला मानेचा भाग बारीक चुण्या घालून सव्वा इंचावर आणा आणि चुण्या हातानं टिपा. सरळ कापलेलं कापड मानेभोवती वळत नाही, त्याला घड्या पडतात. उरेब कापड मानेबरोबर वळतं.

बांधायची पद्धत लिहिते, पण सराव आठ दिवस आधी सुरू करा. उजवं टोक डाव्यापेक्षा दोन-तीन इंच लांब ठेवा. उजवं डाव्यावरून न्या, खालून घालून वर काढा आणि एक साधी गाठ गळ्याशी बसवा. गाठ सुपारीएवढीच राहिली पाहिजे. मग दोन्ही पानं हातानं पसरून एक दुसऱ्यावर तिरकं आणा, म्हणजे गाठ झाकली जाईल. जिथे ती ओलांडतात तिथे पिन, वरून तिरकी खाली. पिन दोन्ही पानांतून जाऊ दे, शर्टात मात्र घुसवू नका. मुलानं मान वळवली की शर्टाला खेच बसते आणि छातीवर सुरकुती पडते. पानांची टोकं वेस्टकोटाच्या आत.

पिन विकत घेण्याआधी आजीच्या जुन्या डब्यात एकदा बघा. असल्या पिना पुढे बायकांच्या ब्रूचबरोबर ठेवल्या जातात, आणि त्या पुरुषाच्या आहेत हे घरात कोणाला आठवत नाही. आमच्या एका गिऱ्हाईकाला त्याच्या पणजोबांची पिन अशीच सापडली होती.

एक विनंती. मागे हूक आणि इलॅस्टिक असलेला, आधीच गाठ शिवलेला भाड्याचा अ‍ॅस्कॉट घेऊ नका. माझ्या भाच्याच्या मित्रानं एका भाड्याच्या दुकानातून तसा आणला होता. अंगठ्या घालायच्या वेळी इलॅस्टिक मानेवर वर सरकलं आणि पुढचं सगळं कानाकडे कललं. लग्नाच्या अल्बममध्ये ते कायमचं राहिलं आहे. जानेवारीतही ठाण्यात दुपार तिशीला टेकते, मानेला घाम येतोच. इलॅस्टिक घामावर घसरतं, हातानं बांधलेलं रेशीम धरून राहतं.

प्रश्न : फेब्रुवारीत वाशीला माझं रिसेप्शन आहे. बायकोची मोरपंखी पैठणी आहे. घरच्यांना वाटतं माझा क्रॅव्हॅटही पैठणीच्या काठाचा असावा. चांगला दिसेल का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : नाही दिसणार, आणि टोचेल. पैठणीच्या काठात आणि पदरात जरीचे धागे इतके दाट असतात की कापड पत्र्यासारखं उभं राहतं. गळ्यातल्या कापडाचा सगळा खेळ घडी पडण्यात आहे. जरीला घडी पडत नाही, मोड पडते, आणि मोडीवर ती तुटते. वर दाढी केलेल्या कातडीला दोन तास जर घासली की लाल चट्टे उठतात.

पण घरच्यांची इच्छा मोडायची गरज नाही. पैठणीच्या अंगाचं, बुट्टी नसलेलं साधं रेशीम मऊ असतं. घरात आईची किंवा आजीची विरलेली पैठणी असेल तर तिच्या अंगातून एक पट्टा निघतो का बघा. नव्या साडीला कात्री लावू नका. काठाचं कापड हवंच असेल तर ते वेस्टकोटाला द्या, तिथे ताठपणा कामाला येतो.

आणि बांधायला सोपं काही हवं असेल तर सव्वा मीटर लांब, वीतभर रुंद पट्टा गळ्याभोवती एकदा गुंडाळा, दोन्ही टोकांना एकत्र पीळ द्या आणि ती कोटाच्या काजातून ओवून सोडा. 1692 मध्ये स्टीनकर्कच्या लढाईत अचानक हल्ला झाला, फ्रेंच अधिकाऱ्यांना नीट बांधायला वेळ मिळाला नाही, त्यांनी टोकं अशी खोचली आणि पुढे तीच फॅशन झाली, असं सांगतात. मोरपंखी रेशमावर हा पीळ फार सुरेख दिसतो, कारण धूपछाँव रंग पिळाबरोबर फिरतो.

प्रश्न : आमची वाशीतली हौशी नाट्यसंस्था आहे. खडकीच्या लढाईवर दोन अंकी नाटक बसवतो आहोत. एल्फिन्स्टन आणि एक इंग्रज कॅप्टन अशी दोन पात्रं आहेत. कोट मिळाले, पण गळ्यात काय? एकानं पट्ट्यापट्ट्यांचा टाय आणला आहे, दुसरा म्हणतो बो लावा.
– एक वाचक, वाशी

उत्तर : दोन्ही परत करा. हे विचारल्याबद्दल मी तुमची आभारी आहे, कारण आमच्या ऐतिहासिक नाटकांत पगडीच्या पेचापासून अंगरख्याच्या बंदापर्यंत सगळं पारखून घेतात आणि साहेब आला की त्याच्या गळ्यात बँकेतल्या कारकुनाचा टाय असतो. मला ते बघवत नाही. खडकीची लढाई 5 नोव्हेंबर 1817 ची. आज आपण बांधतो तो लांब टाय त्या शतकाच्या उत्तरार्धातला. तेव्हा पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, असलेल्या एल्फिन्स्टनसाहेबानं तो पाहिलाही नव्हता.

त्या वर्षांत साहेबाच्या गळ्यात असायचा पांढरा, खळ घातलेला मलमलीचा क्रॅव्हॅट. ही खळ लोकप्रिय केली ती पोशाखाच्या शौकासाठी गाजलेल्या लंडनच्या ब्यू ब्रमेलनं. त्याचा नोकर सकाळी हातभर चुरगळलेले क्रॅव्हॅट घेऊन जिना उतरायचा आणि कोणी विचारलं तर म्हणायचा, हे आमचे फसलेले, अशी गोष्ट आहे. 1816 मध्ये ब्रमेल कर्जापायी इंग्लंड सोडून फ्रान्सला पळाला, त्याची खळ मात्र सगळ्या इंग्रज गळ्यांत राहिली. आणि मलमल तर आपल्याच देशातून तिकडे जायची. तुमच्या नाटकात इंग्रजाच्या गळ्यातलं कापड हिंदुस्थानचं आहे, हे दिग्दर्शकाला जरूर सांगा.

करायचं असं. 44 इंच पन्ह्याची पांढरी मलमल, तेवढीच लांब, म्हणजे बरोबर चौकोन. तो कोनातून कापला की दोन त्रिकोण होतात, एका चौकोनात दोन क्रॅव्हॅट. कडा दुमडून बारीक तुरपून घ्या. आता खळ. भाताची पातळ पेज काढा, फडक्यातून दोनदा गाळा, कापड त्यात बुडवून हलकं पिळा आणि सावलीत वाळत घाला. पूर्ण वाळू देऊ नका. दमट असतानाच गरम इस्त्री फिरवा. माझी आई वडिलांच्या धोतराला हेच करायची, फक्त पेज जरा पातळ घ्यायची. क्रॅव्हॅटला खळ इतकी हवी की कापड टेबलावर टोकाशी धरलं तर वीतभर उभं राहील.

त्रिकोणाचं टोक आत घेऊन चार बोटं रुंद पट्टी होईपर्यंत घड्या घाला. पट्टीचा मध्य गळ्याच्या पुढे ठेवा, टोकं मागे नेऊन ओलांडा, पुढे आणा आणि साधी गाठ मारा. शर्टाची कॉलर आतून गालापर्यंत उभी असू दे. आता खरी मौज. नटाला हनुवटी छताकडे करून बांधायला सांगा आणि बांधून झाल्यावर ती हळूहळू, अगदी हळू खाली आणू दे. हनुवटीच्या दाबानं पुढच्या कापडाला ज्या आडव्या घड्या पडतात त्याच हव्या असतात. ब्रमेलही असंच करायचा. एकदा घड्या पडल्या की हात लावायचा नाही. यामुळे नटाची मानही आपोआप ताठ राहते आणि तो बाजूला बघताना खांद्यासकट वळतो. त्या काळचा साहेब असाच वळत असणार. तालमीतही क्रॅव्हॅट घालायला लावा, नाहीतर प्रयोगाच्या दिवशी नट बुजतो.

कॅप्टनला वेगळं. लष्करी अधिकाऱ्याच्या गळ्यात काळा स्टॉक असे, म्हणजे मागे बकल लागणारा ताठ पट्टा. शिपायांचा तर कातड्याचा, आणि तो घालून त्यांना आपल्या उन्हात कवायत करावी लागे. तुम्ही दुहेरी बकरमावर काळं रेशीम किंवा चांगलं काळं पॉपलिन चढवा, उंची अडीच इंच, मागे दोन हुकं. पट्टा आणि गळा यांमध्ये एक बोट सहज गेलं पाहिजे. संवाद म्हणताना गळा फुगतो, बोटाची जागा ठेवली नाही तर तिसऱ्या वाक्याला आवाज बसेल.

रंगमंचावरच्या दिव्यांखाली खळ अर्ध्या तासात मऊ पडते. म्हणून एका प्रयोगाला दोन क्रॅव्हॅट तयार ठेवा आणि मध्यंतरात बदला. दुसरा त्रिकोण त्यासाठीच आहे.

प्रश्न : मुलगी वकील झाली. ठाण्याच्या कोर्टात जाऊ लागली आहे. गळ्यातल्या त्या दोन पांढऱ्या पट्ट्या कशाच्या घ्याव्यात?
– एक वाचक, पाचपाखाडी

उत्तर : अभिनंदन. बँड सुती घ्या, पॉलिस्टरचा नको. पॉलिस्टर धुतल्यावर पिवळट होतो आणि त्याची टोकं वर वळतात. पाच तरी घ्या, रोज एक. हे बँड म्हणजे सतराव्या शतकातल्या इंग्रजांच्या खाली पडणाऱ्या मोठ्या कॉलरचं उरलेलं रूप. क्रॅव्हॅट आला तसे ते इतरांच्या गळ्यातून गेले, धर्मगुरू आणि वकील यांच्या गळ्यात राहिले. इस्त्री उलट्या बाजूनं करा.

प्रश्न : नेरूळला राहतो. सासऱ्यांच्या पेटीत अकरा रेशमी टाय निघाले. रुंद आहेत, डांबरगोळ्यांचा वास येतो, दोनांवर तेलाचे डाग, एकावर बुरशीचे ठिपके. त्यांच्या वर्षश्राद्धानंतर माझ्या मेहुणीचं लग्न आहे. त्यातला एक घालावा असं बायकोला वाटतं. घालण्यासारखे करता येतील का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : बहुतेक सगळे येतील. तुमच्या बायकोची इच्छा फार चांगली आहे, तेव्हा घाई न करता करा.

आधी एकेक टाय अरुंद टोकाला धरून लोंबता सोडा आणि बघा. सरळ लोंबला तर तो आतून शाबूत आहे. पीळ पडत असेल तर आतलं लोकरीचं अस्तर सरकलं आहे किंवा तो टाय मुळात नीट कापलेला नाही. 1920 च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फनं टाय उरेब कापून तीन तुकड्यांत शिवायची पद्धत काढली, तेव्हापासून टाय गाठ सोडल्यावर पुन्हा सरळ होतो. पिळलेले बाजूला ठेवा.

वासासाठी पाणी लावू नका. रेशमावर पाण्याचाही डाग पडतो. मलमलीच्या फडक्यावर पसरून सावलीत, वाऱ्यात तीन-चार दिवस ठेवा. नेरूळला खाडीचा दमट वारा आहे, तेव्हा संध्याकाळी आत घ्या. बुरशीचा टाय वेगळा, तो बाल्कनीत मऊ ब्रशनं झटका, घरात नको. ठिपका झटकून गेला तर ठीक, गेला नाही तर रंग खाल्ला गेला आहे. तेलाचे डाग जुने झाले असणार, ते ड्रायक्लीनरकडेच. त्याला बजावून सांगा की इस्त्री दाबून मारायची नाही. चांगल्या टायची कड गोल असते, आतल्या अस्तरावर रेशीम नुसतं टेकलेलं असतं. कड धारेसारखी चपटी झाली की टाय मेला. माझ्या हातातून असे कितीतरी आले, त्यांना पुन्हा फुगवता येत नाही.

रुंदीची काळजी करू नका, फक्त कोटाची लॅपल, म्हणजे छातीवर दुमडलेली पट्टी, तेवढीच रुंद असलेला सूट काढा. सासऱ्यांचा कोट ठेवला असेल आणि तुम्हाला होत असेल तर त्याहून चांगलं काही नाही. गाठ साधी, एकेरी मारा. जाड रेशमाला मोठी विंडसर गाठ मारली की गळ्याशी गोळा होतो. खुद्द ड्यूक ऑफ विंडसर साधीच गाठ मारायचा, गाठ मोठी दिसावी म्हणून तो टायच्या आत जाड अस्तर घालून घ्यायचा.

पीळ पडलेले किंवा रंग गेलेले दोन-तीन निघतील, ते टाकू नका. रुंद पानाची शिवण उसवली की कापड जवळजवळ दुप्पट रुंद होतं, त्यातून एक बो सहज निघतो. मेहुणीच्या लग्नात घरातली लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी करा, मात्र बांधायचे करा, हुकाचे नाहीत. बुटाची नाडी बांधता येणाऱ्या मुलाला बो बांधता येतो, गाठ तीच आहे.

आणि शेवटी एक, कारण हे हमखास होतं. टाय उलटा केल्यावर शिवणीच्या टोकाला एक सुटा दोरा लोंबताना दिसेल, कधी त्याचा छोटा फासही असतो. तुम्हाला वाटेल शिवण उसवते आहे, आणि तुम्ही कात्री घ्याल. घेऊ नका. तो शिवणाऱ्यानं मुद्दाम सैल सोडलेला असतो. गाठ मारताना टाय ताणला जातो तेव्हा शिवण त्या दोऱ्यावर सरकते, म्हणून तुटत नाही. तो फक्त बोटानं आत ढकलून द्या.